वाचलेल्या श्रमाचा हिशेब



या सदरातून आपण आजवर ज्वारी, तूर, डाळिंब, ठिबक, जनावरांचा चारा अशा गोष्टींवर बोलत आलो. आज मी एका मशीनविषयी लिहिणार आहे. मात्र हे मशीन रानातले नव्हे. त्याने एक गुंठाही नांगरून होत नाही आणि एक पेंढीही कापून होत नाही. त्यावर उभे राहून अर्धा तास पाय मारले, तरी माणूस जागचा हलत नाही. आता शेतकी खात्याच्या माणसाने हे काय मध्येच काढले, असे तुम्हाला वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा, मग कारण ध्यानात येईल.

गेल्या काही वर्षांत बऱ्याच गावांत खुली व्यायामशाळा झाली आहे. शाळेच्या पटांगणात, देवळामागे, नाहीतर ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेत रंगीत लोखंडी मशीन रोवलेली असतात. त्यांतले एक असे असते की दोन पायपट्ट्यांवर उभे राहायचे, दोन्ही हातांत दोन उभे दांडे धरायचे आणि पाय पुढे-मागे फिरवायचे. उजवा पाय पुढे गेला की डावा दांडा पुढे येतो. पोरे त्याला सायकलच म्हणतात. त्याचे खरे नाव इलिप्टिकल. कोणी क्रॉस ट्रेनरही म्हणतात. इलिप्टिकल म्हणजे लंबवर्तुळाचे. त्यावर पाऊल गोल फिरत नाही, अंड्याच्या आकाराच्या घेरात फिरते. माणूस चालतो तेव्हा त्याचे पाऊल जवळजवळ असाच घेर घेते.

आमच्या होटगीत असे मशीन आले तेव्हा पहिले सहा महिने त्यावर लहान पोरांचाच ताबा होता. मोठी माणसे बाकावर बसून गप्पा मारत. मीही त्या बाकावरचाच.

अप्पांची गोष्ट

आमचे एक बागायतदार स्नेही आहेत. नाव सांगत नाही, अप्पा म्हणू. वय बावन्न. ऊस, थोडे डाळिंब, बाकी रब्बीची ज्वारी. त्यांच्या रानात ठिबक मीच नेटाने बसवून घेतले. मोटारीला ऑटो स्टार्टर बसवा, रात्री उठून विहिरीवर जाणे वाचेल, हेही मीच सांगितले. फवारणीसाठी ट्रॅक्टरवरचा पंप घ्या, पाठीवरचा टाकून द्या, हाही सल्ला माझाच. अप्पांनी सगळे ऐकले, आणि त्यांचा फायदाही झाला.

एकदा संध्याकाळी पटांगणात बसलो असताना मी त्यांना सहज म्हणालो, "अप्पा, पोट सुटलं आहे. या मशीनवर दहा मिनिटं पाय मारत जा."

अप्पा हसले. "काय ओ साहेब, आमाला कशाला व्यायाम? ते हापिसातल्या लोकांनी करावं. आमी दिवसभर रानात हाय की ओ!"

मीही हसलो आणि विषय सोडून दिला. त्यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हते, कारण मी स्वतःही रक्तदाबाची गोळी घेत होतो आणि व्यायाम करत नव्हतो.

पुढे दोन महिन्यांनी सकाळी दहाच्या सुमारास बांधावर अप्पांच्या छातीत जड वाटू लागले. घाम सुटला. "पित्त झालंय" म्हणून सोडा प्याले आणि लिंबाखाली पडून राहिले. दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी मुलगा आला, बापाचा चेहरा पाहून घाबरला आणि गाडीत घालून सोलापूरला घेऊन गेला. हृदयविकाराचा झटका होता. जीव वाचला, पण सात-आठ तास वाया गेले होते. तेवढ्या वेळात हृदयाच्या स्नायूचा एक भाग निकामी झाला, तो पुन्हा भरून येत नाही. जिना चढताना अप्पांना आता मध्ये थांबावे लागते.

त्यांना भेटून परत येताना माझ्या मनात एकच विचार घोळत होता. शेतकऱ्याचे श्रम वाचवा, असे मी तीस वर्षे सांगत आलो. त्यात काही चूक नव्हती. पण वाचलेल्या श्रमाचे शरीराने काय करायचे, हे सांगायचे राहूनच गेले. म्हणून हा लेख.

एक एकर म्हणजे किती किलोमीटर?

अप्पा म्हणाले, "दिवसभर रानात हाय." त्यांच्या वडिलांनी हे म्हटले असते तर खरे होते. हिशेबच करून पाहू.

बैलांच्या नांगराचे तास साधारण आठ इंचांचे, म्हणजे वीस सेंटिमीटरचे धरा. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्याला वीस सेंटिमीटरने भागले की सुमारे २० किलोमीटर येतात. एक एकर नांगरायला नांगऱ्या वीस किलोमीटर चालत असे, तेही ढेकळांतून आणि रुमणे दाबत. अडीच फुटी कुळवाची एक पाळी म्हणजे साडेपाच किलोमीटर. दोन पाळ्यांचे अकरा झाले. तिफणीचे दोन दात अठरा इंचांवर धरले तर पेरणीचे तीन. म्हणजे ज्या वर्षी नांगरट असे, त्या वर्षी एकरी चौतीस किलोमीटर चाल. पाच एकरांची ज्वारी पेरली तर एकशे सत्तर किलोमीटर, जवळजवळ होटगीहून पंढरपूरला पायी जाऊन परत येण्याइतके अंतर! यात कोळपणी, खुरपणी, काढणी, मळणी आणि वैरण वाहणे धरलेलेच नाही.

आता हेच काम ट्रॅक्टर करतो. चालवतो ड्रायव्हर, आणि मालक बांधावर मोटारसायकल उभी करून बघतो. मालक रानात आहे हे खरे, पण काम रान करते आहे आणि डिझेल करते आहे. जेवण मात्र नांगऱ्याचेच राहिले आहे. वडील तीन भाकरी खात, म्हणून आपणही तीन खातो. वर चार वेळा गोड चहा.

म्हणूनच मधुमेह आणि रक्तदाब हे आता केवळ शहरातले रोग राहिले नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशभरातील मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्या पाहणीत देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असा अंदाज निघाला. उंबरठ्यावरच्या माणसाला त्रास काहीच जाणवत नाही. खरा धोका तिथेच आहे.

ड्रायव्हर आणि कंडक्टर

चालण्या-फिरण्याचा आणि हृदयाचा संबंध कसा उमगला, ती हकिकत ऐकण्यासारखी आहे. जेरी मॉरिस नावाचे एक ब्रिटिश डॉक्टर होते. लंडनमध्ये दुमजली बसगाड्या चालत. गाडी तीच, रस्ता तोच, पगाराची माणसेही साधारण एकाच थरातली; फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून असे आणि कंडक्टर तिकिटे फाडत दिवसभर जिना चढ-उतर करत असे. मॉरिस यांनी या दोघांच्या आजारपणाच्या नोंदी तपासल्या. ड्रायव्हरांपेक्षा कंडक्टरांना हृदयविकार कमी होता, आणि झाला तरी त्यातून दगावणारे कमी होते. १९५३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानंतर जगभर अशी शेकडो संशोधने झाली आणि सूर तोच निघाला.

आता आपणच आपल्याला विचारायचे की रानाच्या गाडीत आपण कंडक्टर आहोत की ड्रायव्हर?

यावर कोणी म्हणेल, "साहेब, पोती तर अजून आम्हीच उचलतो." बरोबर आहे. त्या कामाने दंडाला आणि पाठीला ताकद येते, आणि तीही हवीच. पण पोते उचलताना आपण दम कोंडतो, रक्तदाब एकदम चढतो, पोते टाकले की बसतो. हृदयाला जे शिक्षण हवे ते वेगळे आहे. पायांचे मोठे स्नायू एका लयीत वीस-तीस मिनिटे न थांबता हलले पाहिजेत. मग त्या स्नायूंना रक्त पुरवण्यासाठी हृदय नेटाने काम करते. काही आठवड्यांत ते एकेका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकते, आणि बसल्या जागी त्याचे ठोके कमी होतात. हलणारा स्नायू रक्तातली साखरही ओढून घेतो. हा साखरेचा फायदा एक-दोन दिवस टिकतो, पुढे ओसरतो. म्हणून मधुमेह्याने व्यायामात लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा पाडू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले माप असे : मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराची. शिवाय आठवड्यातून दोन दिवस ताकदीची कामे. दिवसाला अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस धरले की १५० मिनिटे भरतात. त्यासाठी मशीनच हवे असे मुळीच नाही. होटगी तलावाच्या बाजूने झपझप चालून या, तेवढेच पुण्य. मग मशीन कशाला? ज्याचे गुडघे दुखतात, अंधारात विंचू-काट्याचे भय वाटते, किंवा रस्त्यावर एकटीने चालणे जिला नको वाटते, त्यांच्यासाठी. या मशीनवर पाऊल पट्टीवरून उचलले जात नाही, त्यामुळे धावताना बसतो तसा हिसका गुडघ्याला बसत नाही.

हे यंत्र तसे नवे आहे. लॅरी मिलर नावाच्या अमेरिकन अभियंत्याने आपली मुलगी धावत असताना तिचे चित्रीकरण केले आणि तिच्या पावलाचा घेर कागदावर उतरवून घेतला, असे सांगतात. १९९५ साली प्रीकॉर या कंपनीने असे मशीन बाजारात आणले, आणि तेथून ते जगभर गेले.

आधी माती परीक्षण

माती तपासल्याशिवाय खत टाकू नका, असे मी नेहमी सांगतो. इथेही तेच. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने आपल्या गावच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. ज्यांना आधीच हृदयाचा त्रास आहे, चालताना छाती भरून येते, चक्कर येते, किंवा बरीच वर्षे मधुमेह आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मशीनवर पाय ठेवू नये.

साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात ग्लुकोजची पुडी किंवा साखर ठेवावी. हात थरथरले, अंधारी आली, घाम फुटला तर लगेच थांबून ती तोंडात टाकावी.

उभे कसे राहावे

मशीन सोपे दिसते, म्हणूनच लोक ते चुकीचे वापरतात. चार गोष्टी सांभाळा.

पहिली : ताठ उभे राहा. मान वर, नजर समोर. पुष्कळ जण दांड्यावर ओणवे होऊन सगळा भार हातांवर टाकतात. मग पाय रिकामे फिरतात आणि कंबर धरते. दांडा धरायचा तो आधार म्हणून नव्हे, ढकलण्या-ओढण्यासाठी. एक हात ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. असे केले म्हणजे पायांबरोबर दंड, खांदे आणि पाठही कामाला लागतात.

दुसरी : सगळे पाऊल पट्टीवर टेकवा. चवड्यांवर उभे राहिले की पोटरी भरून येते आणि बोटांना मुंग्या येतात. गुडघा पूर्ण ताठ करू नका, किंचित वाकलेला असू द्या.

तिसरी : पायात बूट घाला. चप्पल सटकते. भगिनींनी पदर खोचून घ्यावा आणि साडीचा काठ सांध्यात जाणार नाही असे पाहावे. काष्ट्याची साडी असेल तर उत्तमच.

चौथी : उतरताना मशीन पूर्ण थांबू द्या. पाय मारणे एकदम सोडून उडी घेतली की पट्टी नडगीवर बसते. लहान पोरांना जवळ फिरकू देऊ नका. सांध्यात बोट सापडले तर चेंगरते.

मशीन काम करते की तुम्ही?

कडबाकुट्टीचे मोठे चाक तुम्ही फिरवले असेल. सुरुवातीला जोर लागतो. एकदा चाकाने गती घेतली की तेच आपला हात ओढून नेते. शहरातल्या व्यायामशाळेतील इलिप्टिकलमध्येही असेच जड चाक असते. त्याच्याजवळ लोहचुंबक बसवलेले असते. खुंटी फिरवली की चुंबक जवळ येते आणि चाक जड होते. ही खुंटी शून्यावर ठेवून जो तासभर पाय फिरवतो, त्याचा व्यायाम चाकच करून टाकते. पाय ढकलताना दाब जाणवेल इतपत खुंटी वाढवली पाहिजे.

गावातल्या उघड्यावरच्या मशीनला बहुधा अशी खुंटी नसते. तेथे श्रम वाढवायचे ते वेग वाढवून आणि दांडे जोराने ओढून. शेजारी झोक्यासारखे दुसरे मशीन असते, दोन्ही पाय लोंबकळत पुढे-मागे जातात, त्याला एअर वॉकर म्हणतात. दिसायला दोन्ही सारखी, पण गुण वेगळे. झोक्याला पाय आपोआप हेलकावतात. मी दोन्हींवर दहा-दहा मिनिटे पाय मारून स्वतःची नाडी मोजली. झोक्यावर ब्याण्णव झाली, क्रॉस ट्रेनरवर एकशे बारा. झोका सांधे मोकळे करायला बरा, हृदयासाठी मात्र क्रॉस ट्रेनर.

नाडी हाच मीटर

श्रम पुरेसे होतात की नाही हे कसे ओळखावे? सोपी खूण अशी : पाय मारताना शेजाऱ्याशी बोलता यावे, पण ओवी म्हणता येऊ नये. ओवी म्हणता आली तर श्रम कमी पडतात. दोन शब्दही बोलता येत नसतील तर फार झाले, वेग कमी करा.

दुसरी खूण नाडी. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजा आणि चाराने गुणा. २२० मधून आपले वय वजा केले म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची ढोबळ कमाल मर्यादा निघते. तिच्या निम्म्यापासून सत्तर टक्क्यांपर्यंत नाडी गेली म्हणजे मध्यम श्रम. माझे वय छप्पन्न. २२० वजा ५६ म्हणजे १६४. तेव्हा माझी नाडी ८२ ते ११५ च्या दरम्यान हवी, आणि वेगाच्या मिनिटाला जास्तीत जास्त १४० पर्यंत. हा हिशेब सरासरीचा आहे, माणसागणिक दहा-वीस ठोक्यांचा फरक पडतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल, नाडी मुद्दाम कमी ठेवतात. त्या घेणाऱ्यांनी नाडीच्या आकड्यामागे न लागता बोलण्याची खूणच धरावी.

वाढ हळूहळू

सोलापूरकरांना हे समजावून सांगायला नको. संक्रांतीच्या यात्रेत सिद्धेश्वरांचे नंदीध्वज जे खांद्यावर घेतात, ते कधी त्याच दिवशी येऊन उचलतात का? कितीतरी आठवडे आधीपासून सराव चालतो. हृदयाचेही तसेच आहे. मी स्वतः पहिल्या दिवशी पाच मिनिटांत धापा टाकू लागलो होतो, आणि बाकावरची मंडळी बघत होती. पुढे जे वेळापत्रक धरले ते देतो.

पहिले दोन आठवडे : सकाळी पाच मिनिटे, थोडे थांबून पुन्हा पाच. वेग सावकाश.

तिसरा-चौथा आठवडा : सलग पंधरा मिनिटे. पहिली आणि शेवटची तीन मिनिटे अगदी हळू.

पाचवा-सहावा आठवडा : सलग वीस मिनिटे, बोलता येईल पण ओवी म्हणता येणार नाही अशा वेगाने.

सातव्या आठवड्यापासून : पाच मिनिटे हळू, मग एक मिनिट जोरात आणि दोन मिनिटे सावकाश, असे सहा फेरे, शेवटी पुन्हा पाच मिनिटे हळू. एकूण अठ्ठावीस मिनिटे होतात. एक मिनिट जोर आणि दोन मिनिटे विसावा, या पद्धतीने थोड्या वेळात हृदयाला चांगले काम मिळते. मात्र असे फेरे आठवड्यातून दोन-तीन दिवसच करावेत, बाकीचे दिवस एकसारख्या चालीने. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी जोराचे फेरे डॉक्टरांच्या परवानगीवाचून मुळीच करू नयेत.

आठवड्यातून पाच दिवस पुरेत. सुगीच्या दिवसांत खुरपणी-काढणीचे खरे कष्ट झाले असतील तर त्या दिवशी मशीनला सुट्टी द्या. ज्या दिवशी रानात नुसते उभे राहिलात, त्या दिवशी मात्र चुकवू नका.

भाकरीचा हिशेब

"मशीनवर किती चरबी जळते?" असे मला विचारतात. उत्तर ऐकून थोडे नाराज व्हाल. साठ किलो वजनाच्या माणसाने मध्यम वेगाने अर्धा तास पाय मारले तर सुमारे दीडशे उष्मांक खर्च होतात. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण साडेतीनशे असतात. म्हणजे अर्ध्या तासाच्या घामाने मोठी भाकरी अर्धीसुद्धा जिरत नाही! दोन कप गोड चहा घेतला की हिशेब बरोबरीत सुटला.

तेव्हा केवळ मशीनवर वजन उतरेल या आशेवर राहू नका. त्यासाठी ताटाकडे पाहावे लागते. पण वजन उतरले नाही म्हणून व्यायाम वाया गेला असेही नाही. काट्यावर एक किलोचा फरक दिसला नाही तरी रक्तदाब, साखर आणि दमसास सुधारतात. चार महिन्यांत माझे वजन दीडच किलो कमी झाले. बसल्या जागेची नाडी मात्र चौऱ्याऐंशीवरून चौऱ्याहत्तरवर आली, आणि गोळीचा डोस वाढवण्याचे डॉक्टरांनी पुढे ढकलले. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, हे वेगळे सांगायला नको.

आणखी काही सूचना

भर जेवणावर मशीनवर चढू नका, दोन तास जाऊ द्या. फवारणी केलेल्या दिवशी साबणाने अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय व्यायाम करू नका. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा लोखंडी दांडा हाताला चटका देतो आणि ऊनही बाधते. त्या दिवसांत सूर्य उगवण्यापूर्वीच उरका आणि आधी पाणी प्या. ताप, सर्दी-खोकला असेल तर विश्रांती घ्या.

मशीनची निगा हा आपल्याकडे दुखणाईत विषय. बसवताना नारळ फुटतो, पुढे वंगण घालायला कोणी नसते. सांधा करकरू लागला, पट्टी डुगडुगू लागली, की ते वापरणे थांबवा आणि ग्रामपंचायतीला कळवा. आम्ही पाच-सहा जणांनी महिन्यातून एकदा नट-बोल्ट पाहायचे आणि ग्रीस लावायचे काम वाटून घेतले आहे. ट्रॅक्टरला जो ग्रीस लावतो त्याला हे जड नाही.

आणि एक, घरी मशीन विकत घेण्याची घाई करू नका. आधी गावातल्या मशीनवर तीन महिने नेमाने जा. नेम टिकला तर पुढचा विचार करा. नाहीतर घरात टॉवेल वाळत घालायला महाग दांडी आणल्यासारखे होते.

हे मात्र विसरू नका

व्यायाम करताना किंवा एरवीही छातीत दाबल्यासारखे, आवळल्यासारखे वाटले, दुखणे डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत गेले, थंड घाम फुटला, दम लागला, तर ते पित्त समजून सोडा पिऊ नका. बायकांमध्ये कधी छाती दुखतच नाही. नुसता दम लागतो, मळमळते, गळून गेल्यासारखे होते. अशा वेळी लगेच १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. स्वतः मोटारसायकल चालवत जाऊ नका. पहिल्या एक-दोन तासांत उपचार मिळाले तर हृदय पुष्कळ वाचते. हा परिच्छेद घरात सर्वांना वाचून दाखवा, कारण झटका आलेल्या माणसाला "मला काही झालं नाही" असेच म्हणायचे असते.

अप्पा आता कसे आहेत, असे तुम्ही विचाराल. डॉक्टरांच्या परवानगीने ते चालू लागले. आधी अंगणात, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग तलावापर्यंत. सहा महिन्यांनी त्यांना मशीनवर पाच मिनिटांची मुभा मिळाली. परवा पहाटे मी पटांगणात गेलो तर मशीनवर त्यांच्या सौभाग्यवती होत्या, आणि अप्पा बाकावर बसून मोबाईलमध्ये मिनिटे पाहत होते. मला पाहून म्हणाले, "साहेब, ही आता माझ्या पुढं गेली. बारा मिनिटं झाली, अजून बोलतीय!"

स्टेशनाकडून गाडीची शिटी ऐकू आली. थोड्या वेळाने अप्पा हळूच म्हणाले, "त्या दिवशी तुमी सांगितलं तवा ऐकलं असतं तर बरं झालं असतं ओ."

मी त्यांना खरे ते सांगितले, "अप्पा, त्या दिवशी मी स्वतः करत असतो, तर तुम्हीही ऐकलं असतं."

तेव्हा बंधू-भगिनींनो, दुसऱ्याला सांगण्याआधी स्वतः सुरुवात करा. उद्या सकाळी पाच मिनिटे, एवढेच. ठिबकासारखे थोडे थोडे, पण रोज.

पुढच्या अंकी हरभऱ्यावरील घाटेअळीविषयी बोलू. तोपर्यंत रानात चक्कर मारत राहा, आणि ती पायी मारा.